रास्त भाव, रास्त नफा

आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचे नाणे वेगळे होते. त्याला हाली शिक्का म्हणत. इंग्रजी रुपयाला कलदार म्हणत. सुमारे सात हाली रुपयांना सहा कलदार मिळत. शेवटच्या निजामाच्या रुपयावर चारमिनारचे चित्र आहे. पुढे हे चलन बंद झाले. तरी म्हाताऱ्या माणसांच्या गाठोड्यात असा रुपया अजून निघतो.

आपला भाग जुन्या नाण्यांचा. पैठण ही सातवाहनांची राजधानी. दौलताबादेस आणि औरंगाबादेस टाकसाळी होत्या. जुनी नाणी जमवण्याचा छंद पुष्कळांना असतो. हे छंदी लोक आपसांत नाणी घेतात, विकतात. पूर्वी समोरासमोर बसून व्यवहार होई. आता मोबाईलवर फोटो पाठवूनही होतो.

मग भाव ठरवायचा कसा?

नाण्याला दोन किमती असतात. एक धातूची, दुसरी हौसेची. हाली रुपयाचे वजन सुमारे ११ ग्रॅम. चांगल्या रुपयात सुमारे ९ ग्रॅम चांदी असते. समजा, चांदी ग्रॅमला १०० रुपये आहे. मग नुसती चांदीच ९०० रुपयांची झाली. नाणे दुर्मिळ असेल, अक्षरे स्पष्ट असतील, तर हौशी माणूस जास्तही देतो. सगळ्या रुपयांत चांदी सारखी नसते. म्हणून आधी सराफाकडून पारख करून घ्यावी. नाणे चिंचेने किंवा राखेने घासू नये. घासलेल्या नाण्याची किंमत उतरते.

आता दोन गिऱ्हाइके पाहू. पहिल्याने ते नाणे ९५० ला घेतले आणि ११०० ला विकले. त्याला १५० रुपये सुटले. तो गावोगाव हिंडला, त्याने पारख केली, पैसा गुंतवला. हा नफा त्याच्या कष्टाचा आहे. तो रास्त आहे.

दुसऱ्याने म्हातारीला सांगितले, "आजी, हे नाणं आता चालत नाही. दोनशे घ्या." तेच त्याने ११०० ला विकले. नऊशे रुपये सुटले ते कष्टाचे नव्हेत, म्हातारीच्या अज्ञानाचे. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तशी ही गत. याला आम्ही नफा म्हणत नाही.

छंदी मंडळींनीही हे ध्यानात ठेवावे. नव्या माणसाला एकदा फसवले की तो पुन्हा येत नाही. बाजार विश्वासावर चालतो. खोट, डाग, झीज आधी सांगावी. किंमत उघड बोलावी.

दुसरा धोकाही आहे. "तुमच्या जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी कमिशन भरा," असा फोन येतो. रिझर्व्ह बँकेचे नाव सांगतात. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे की, ती अशा व्यवहारात पडत नाही आणि कमिशन मागत नाही. आधी पैसे मागणारा ठक समजावा.

कायदाही माहीत हवा. नांगरताना किंवा पाया खणताना धन सापडले आणि त्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. हा कायदा १८७८ चा आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते. १९७२ च्या कायद्याप्रमाणे अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. खाजगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही.

वाचायला शिकलो ते याचसाठी. नाण्यावरचे साल वाचा. वजन करा. दोन ठिकाणी भाव विचारा. मगच हो म्हणा.

प्रश्न
१. नाण्याच्या दोन किमती कोणत्या?
२. ९५० ला घेऊन ११०० ला विकणाऱ्याचा नफा रास्त का?
३. शेतात नाणी सापडली तर काय कराल?