खिळा न दिसणारं कपाट : आधी जोड ओळखा, मग पैसे द्या

सख्यांनो, गटातून कर्ज घेऊन कपाट, दिवाण किंवा देव्हारा करून घेणाऱ्या आपल्यात बऱ्याच जणी आहेत. ग्रामसंघाचं दप्तर ठेवायलाही कपाट लागतंच. नवी वस्तू चकचकीत दिसते. पण दोन पावसाळ्यांत दार लोंबतं, फळीला तडा जातो आणि कर्जाचे हप्ते मात्र सुरूच राहतात. म्हणून या वेळचा धडा लाकडाच्या जोडांचा.

विद्या जुनीच आहे

घरातली जुनी बाज उलटी करून पाहा. पायाला खाच असते आणि आडव्या दांड्याला त्याच मापाचं टोक. खिळा एकही नाही. बंडीच्या चाकातले आरेही असेच बसवतात. सुतार खाचेला साल म्हणतात आणि टोकाला कूस. 1937 साली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. त्यानंतर डॉ. झाकीर हुसेन समितीने नई तालीमची योजना तयार केली, तेव्हा शाळेत शिकवायच्या उद्योगांत सूतकताईबरोबर सुतारकामही होतं.

लाकूड का फाटतं?

लाकूड पावसाळ्यात ओल पितं आणि उन्हाळ्यात सुकतं. लांबीत ते फारसं बदलत नाही, रुंदीत बदलतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो आणि जुलैत हवा दमट होते. एवढ्या फरकात एक फूट रुंदीची फळी दोन-तीन मिलीमीटर कमी-जास्त होऊ शकते. ती दोन्ही बाजूंनी खिळ्यांनी जखडली, तर हलायला जागाच राहत नाही. मग ती फाटते.

चांगले जोड कोणते?

1. साल-कूस : दाराच्या चौकटीसाठी. कुशीची जाडी लाकडाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश ठेवतात.
2. खाचेतली फळी : चौकटीच्या आतल्या बाजूला खाच पाडून मधली फळी त्यात सरकवतात. या फळीला सरस किंवा फेव्हिकॉल लावायचं नाही. ती मोकळीच राहू द्यायची.
3. डोव्हटेल : कबुतराच्या पसरलेल्या शेपटीसारखे दात एकमेकांत अडकतात. ड्रॉवर रोज ओढला जातो, म्हणून त्याच्या कोपऱ्याला हा जोड उत्तम.
4. लाकडी खुंटी : दुकानात हिला डॉवेल म्हणतात. प्लायवूडच्या कपाटाला ही सोयीची.

खुंटीचा जोड असा करतात

प्लाय 18 मिलीमीटरचा असेल तर खुंटी 8 मिलीमीटर जाड आणि 35 मिलीमीटर लांब घ्यावी. एका फळीच्या पृष्ठभागात 12 मिलीमीटर आणि दुसरीच्या कडेत 25 मिलीमीटर खोल भोक पाडायचं. ड्रिलच्या पात्याला त्या मापावर चिकटपट्टी गुंडाळली, की भोक आरपार जात नाही. आधी सगळं कोरडंच जुळवून बघायचं. मग फेव्हिकॉल लावून क्लॅम्पने आवळायचं आणि बाहेर आलेलं लगेच ओल्या फडक्याने पुसायचं, नाहीतर तिथं पॉलिश धरत नाही. शेवटी दोरीने कोपरा ते कोपरा तिरपं माप घ्यायचं. दोन्ही मापं सारखी आली, तर कपाट काटकोनात आहे. 24 तास त्यावर वजन ठेवू नये.

पैसे देण्याआधी तपासा

- लांबी भरून, वरून पॉलिश मारून खिळे लपवता येतात. जुन्या स्पीकरमधलं चुंबक कडेनं फिरवा. खिळा असेल तिथं ते ओढ घेतं.
- ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून कोपरे बघा.
- दाराची मधली फळी हलक्या हाताने दाबा. किंचित सरकली तर घाबरू नका, ती मोकळी असायलाच हवी.
- लाकूड वाळलेलं होतं का, ते विचारा. ओल्या लाकडात कितीही चांगला जोड केला तरी तो सैल पडतो.

खिळा दिसला म्हणजे फसवणूक झाली, असं मात्र नाही. मागच्या पातळ प्लायला खिळे किंवा स्क्रू चालतात. पण साल-कूस सांगून त्याची मजुरी घेतली आणि खिळे ठोकले, तर तो आपला तोटा. सालीला वेळ लागतो, मजुरी जास्त पडते आणि ती द्यायलाच हवी. त्यासाठी लाकूड कोणतं, जोड कोणता, मजुरी किती हे काम सुरू होण्याआधी कागदावर लिहून घ्या. शेवटचा हप्ता तपासणीनंतरच द्या.

बैठकीत चर्चेसाठी : आपल्या गावात साल-कूस करणारे सुतार किती उरले? गटातल्या कोणाला हे काम शिकायचं आहे का? नावं ठराव वहीत नोंदवा.