घरगुती विजेच्या ओव्हनचा सुरक्षित व योग्य वापर

नाचणीची बिस्किटे, ज्वारीच्या पिठाची नानकटाई, भाजलेले शेंगदाणे असे पदार्थ करण्यासाठी अनेक शेतकरी कुटुंबांत व महिला बचत गटांत विजेचा छोटा ओव्हन वापरला जातो. विहिरीवरील मोटारीला अर्थिंग हवे, हे आपण जाणतो. परंतु ओव्हनचा प्लग घरातील सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून त्याची तिसरी पिन काढून टाकण्याची चूक सहज होते. ओव्हनचे बाहेरील आवरण पत्र्याचे असते. आतील तारेवरचे आवरण उष्णतेने खराब झाल्यास वीज पत्र्यात उतरते आणि ओला हात लागताच जीवघेणा धक्का बसू शकतो. म्हणून पदार्थाच्या कृतीआधी जोडणीकडे लक्ष द्यावे.

वीजजोडणी

२००० वॅटचा ओव्हन २३० व्होल्ट दाबावर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. दिवे-पंख्यांसाठीचा लहान सॉकेट ६ अँपिअरचा असल्याने तो तापून जळण्याचा धोका असतो. यासाठी १६ अँपिअरचा तीन पिनांचा स्वतंत्र सॉकेट परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावा. एक्स्टेंशन बोर्ड वापरू नये. अर्थिंगची तार न्यूट्रलला जोडू नये. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घालावे. ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसविल्यास अधिक संरक्षण मिळते.

ओव्हनची जागा

ओव्हन मोरी, गॅसची शेगडी व पडद्यापासून दूर, सपाट व मजबूत ओट्यावर ठेवावा. मागे व बाजूंना किमान १० सें.मी. जागा मोकळी सोडावी. ओव्हनवर कापड, कागद किंवा प्लॅस्टिकचे डबे ठेवू नयेत. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये.

भाजण्याची पद्धत

१. ओव्हन आधी १० मिनिटे तापवावा.

२. ॲल्युमिनियम, स्टील किंवा उष्णतारोधक काचेचीच भांडी वापरावीत. प्लॅस्टिक व मेलामाइनची भांडी वापरू नयेत.

३. ट्रे मधल्या कप्प्यात ठेवावा. बिस्किटांमध्ये अंतर ठेवावे, म्हणजे गरम हवा सर्व बाजूंनी खेळते.

४. नाचणीची बिस्किटे १६० ते १७० अंश सेल्सिअसला साधारण १५ ते २० मिनिटे भाजावीत. नाचणीचा रंग मुळातच गडद असल्याने रंगावरून अंदाज करू नये. कडा घट्ट झाल्या की ट्रे काढावा. बिस्किटे गार झाल्यावर कुरकुरीत होतात.

५. दार वारंवार उघडू नये. ट्रे काढताना जाड, कोरडे हातमोजे वापरावेत. ओल्या फडक्यातून चटका लवकर बसतो.

व्होल्टेज कमी असल्यास

दाब २३० वरून १८० व्होल्टपर्यंत उतरला तर ओव्हनची उष्णता सुमारे ६० टक्केच राहते. त्यामुळे बिस्किटे कच्ची राहतात व दोष पिठाला दिला जातो. अशा वेळी ओव्हन जास्त वेळ तापवावा किंवा दाब पुरेसा असेल तेव्हा भाजणी करावी.

साफसफाई

प्लग काढून ओव्हन पूर्ण गार झाल्यावरच पुसावा. सांडलेले तूप व चुरा त्याच दिवशी काढावा. पुढच्या वेळी तोच पेट घेतो. गरम काचेवर पाणी टाकू नये, काच तडकते. उष्णता देणाऱ्या सळयांना पाणी लागू देऊ नये.

अपघात झाल्यास

आत जाळ दिसल्यास दार न उघडता मुख्य स्विच बंद करावा. पाणी मारू नये. धक्का बसलेल्या व्यक्तीला हात लावण्याआधी वीजपुरवठा बंद करावा व तातडीने दवाखान्यात न्यावे. भाजलेला भाग २० मिनिटे थंड वाहत्या पाण्याखाली धरावा. हळद, टूथपेस्ट किंवा बर्फ लावू नये.

बंधू-भगिनींनो, तिसरी पिन ही अडचण नसून घरातील माणसांचे संरक्षण आहे. आजच आपल्या ओव्हनचा प्लग व अर्थिंग तपासून घ्या.