मुंबई ते जेद्दा : तिकिटावरील वेळेचा हिशेब

मुंबई-जेद्दा हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर आहे. जेद्दाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. तिकिटावर त्या त्या शहराची वेळ छापलेली असते, तिथेच व्यापारी बांधवांचा हिशेब चुकतो.

समजा, विमान मुंबईहून सकाळी ८ ला निघून साडेपाच तास उडाले, तर जेद्दात ११ वाजलेले असतील. परत येताना ११ ला निघून पाच तासच लागले, तरी मुंबईत संध्याकाळचे साडेसहा होतील. येताना पश्चिमेचा वारा पाठीशी असल्याने वेळ कमी लागतो.

सौदीत २०१३ पासून सरकारी कचेऱ्या व बँकांना शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. आपल्या बँका रविवारी बंद. म्हणून बुधवारी रात्री पोहोचणाऱ्याला कामाचा एकच दिवस मिळतो, शनिवारी रात्री पोहोचणाऱ्याला पाच. तिकीट काढताना भाड्याबरोबर वारही पाहावा.