रद्द तिकिटाचे कर कोणाचे?

प्रश्न : पुणे-दिल्ली विमानाचे स्वस्त तिकीट रद्द केले. ‘परतावा नाही’ म्हणून सगळेच पैसे गेले. कर तरी मिळावेत ना? (एक वाचक, माण)

उत्तर : मिळावेत, पण ‘कर व शुल्क’ या एका ओळीत काय काय कोंबले आहे, ते आधी सोडवून पाहा. विमानतळ वापर शुल्क पुण्याच्या लोहगाव विमानतळासाठी आणि सुरक्षा शुल्क सरकारी सुरक्षा व्यवस्थेसाठी असते. देशांतर्गत प्रवासाला हे सुरक्षा शुल्क एप्रिल २०२१ पासून २०० रुपये आहे. विमान कंपनी ही दोन्ही शुल्के केवळ गोळा करते. तुम्ही उडालाच नाहीत, तर ती ठेवून घेण्याचा तिला हक्क नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियमही तेच सांगतो, अगदी सवलतीच्या, परतावा नसलेल्या तिकिटालाही. इंधन अधिभार मात्र नावाने कराचा भाऊबंद वाटला, तरी तो कंपनीचाच, म्हणजे भाडेच.

‘अटी मान्य करूनच तिकीट घेतले ना?’ असे कंपनी म्हणेल. पण त्या अटी तिच्या भाड्यापुरत्या. दुसऱ्याच्या पैशावर तिला अट घालता येत नाही. जीएसटीची गोष्ट थोडी वेगळी. इकॉनॉमीच्या भाड्यावर तो ५ टक्के असतो आणि ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार जप्त झालेल्या भाड्यावरही त्याच दराने लागतो. म्हणून तेवढा जीएसटी परत येणार नाही. संकेतस्थळाचे सुविधा शुल्कही बहुधा बुडीत खातीच धरा. बाकीची रक्कम कंपनीकडे लेखी मागा. दाद न मिळाल्यास सरकारच्या ‘एअरसेवा’ या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवा.