ग्रहण बघायचं की दार लावून बसायचं?

ताईंनो, गेल्या महिन्याच्या बैठकीत हप्ते लिहून झाले, पासबुकं परत दिली आणि मी उठणार तेवढ्यात एका ताईंनी मोबाईल पुढे केला. "मॅडम, हे खरं का हो? दोन ऑगस्टला सगळ्या जगात सहा मिनिटं अंधार पडणार म्हणे. आमच्या सुनेला तोवर दिवस गेले तर कसं करायचं?" बैठकीत हसू झालं, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून या अंकात कर्ज आणि व्याज बाजूला ठेवून थोडं आभाळाकडे बघू.

आधी त्या मेसेजचं. २ ऑगस्ट २०२७, सोमवार. त्या दिवशी सूर्यग्रहण आहे, एवढं खरं. खग्रास, म्हणजे सूर्य पूर्ण झाकलेला, दिसेल तो स्पेन, मोरोक्को, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन अशा एका अरुंद पट्ट्यातून. इजिप्तमधल्या लक्सर गावाजवळ सूर्य सहा मिनिटांहून जास्त वेळ झाकलेला राहील. मेसेजमधली सहा मिनिटं तिथून उचललेली आहेत. आपल्या जुन्नर-आंबेगावात ग्रहण खंडग्रास आहे. दुपार कलल्यावर सूर्याचा एक तुकडा कुरतडल्यासारखा दिसेल आणि सूर्य मावळायच्या आधी पुन्हा गोल होईल. अंधार वगैरे काही पडणार नाही. मुख्य म्हणजे त्या दिवशी आषाढ अमावास्या आहे, आपली दिव्यांची अमावास्या. (घरातल्या पुरुषांची गटारी. त्यांना ग्रहण दिसलं काय, नाही दिसलं काय.)

सूर्यग्रहण अमावास्येलाच का होतं? कारण अमावास्येलाच चंद्र सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधे येतो. मग दर अमावास्येला का होत नाही? घरी करून बघा. परातीत थोडं पाणी घ्या. पाण्याची पातळी म्हणजे पृथ्वीचा सूर्याभोवतीचा रस्ता. त्यात एक मोठी बांगडी किंचित तिरकी धरा, अर्धी पाण्याच्या वर, अर्धी खाली. हा चंद्राचा रस्ता. हे तिरकेपण फक्त पाच अंशांचं आहे, पण त्यामुळे बहुतेक वेळा चंद्र सूर्याच्या थोडा वरून नाही तर खालून निघून जातो. बांगडी पाण्याला टेकते अशा दोनच जागा आहेत. चंद्र त्या जागेजवळ असताना अमावास्या आली तर सूर्यग्रहण, पौर्णिमा आली तर चंद्रग्रहण. याच दोन जागांना आपल्या जुन्या ज्योतिषांनी राहू आणि केतू म्हटलंय. म्हणजे हिशोब आपल्याकडे केव्हाचा होता. गिळणारा राक्षस नंतर गोष्टीत आला की आधी, ते सोडून द्या.

आता एवढासा चंद्र एवढा मोठा सूर्य कसा झाकतो? खोडदच्या दुर्बिणीच्या तबकड्या आपण येता-जाता बघतो. एकेक तबकडी ४५ मीटर रुंद, अशा ३० आहेत. तरी लांबून अंगठा डोळ्यापुढे धरला की अख्खी तबकडी झाकली जाते. तसंच हे. सूर्य चंद्राच्या ४०० पट रुंद आहे, आणि जवळजवळ तितकेच पट लांबही आहे.

हे झालं शिकण्यापुरतं. आता जे मला खरं सांगायचंय ते.

२०२२ ची दिवाळी आठवते? लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, २५ ऑक्टोबरला, संध्याकाळी सूर्य ग्रहणातच मावळला होता. माझ्या वहिनीला तेव्हा सातवा महिना होता. घरात पहाटेपासून वेध पाळले. तिला खायला नाही, पाणी नाही. ग्रहण लागल्यावर तर आतल्या खोलीत ताठ बसवलं, कूस बदलायची नाही, हाताची घडी घालायची नाही. अंधार पडताना ती पाणी मागायला उठली आणि उंबऱ्यातच चक्कर येऊन पडली. हिमोग्लोबिन आधीच कमी होतं. रात्री गाडी करून दवाखान्यात नेली, सलाईन लावली. निभावलं. पण त्या दिवशी मी घरातच होते. समाजकार्याची पदवी घेतलेली, गावोगाव पोषणाची सत्रं घेणारी. आणि आईपुढे, आत्यापुढे माझं तोंड उघडलं नाही. सणाच्या दिवशी वाद कशाला, असं वाटलं. त्याची बोच अजून आहे, म्हणून इथे लिहितेय.

ग्रहणातून असा कोणताही किरण येत नाही जो भिंतीपलीकडच्या बाळापर्यंत पोहोचेल. ती सावली आहे, दुसरं काही नाही. ग्रहणात सुरी धरली तर बाळाचा ओठ फाटतो म्हणतात. बाळाचा ओठ आणि टाळू जुळतात ते पहिल्या अडीच-तीन महिन्यांत. सातव्या महिन्यात भाजी चिरल्याने जुळलेला ओठ फाटायचा कसा? त्यामागे घराण्यातून आलेला दोष असू शकतो, फॉलिक ॲसिडची कमतरता असू शकते, तंबाखू असू शकते. आणि तंबाखूत मिश्रीही येते, ताईंनो. सुरीला घाबरायचं आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री लावायची, हे कुठलं गणित?

सासूबाईंशी भांडायची गरज नाही. त्यांनाही बाळाचीच काळजी असते. घरातलं पंचांग त्यांच्याबरोबर बसून वाचा. लहान मुलं, म्हातारी माणसं, आजारी आणि गर्भवती यांना वेध कमी पाळायची सूट पंचांगकर्तेच देतात. तिथून बोलणं सुरू करा. पूजा, जप, नंतरची आंघोळ ज्याची त्याची श्रद्धा. पण गर्भारशीचं जेवण, पाणी, लोहाची गोळी आणि कळा सुरू झाल्या तर दवाखाना, या चार गोष्टींना ग्रहण नाही. आशाताईंनाही सोबत घ्या, त्यांचं ऐकतात.

परातीत मुसळ उभं राहतं, त्याचंही विचारतात. बूड सपाट असलेलं मुसळ एरवीच्या मंगळवारीही उभं राहतं. करून बघितलंय.

भ्यायचं असेल तर एकाच गोष्टीला भ्यावं. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघायचं नाही, अगदी क्षणभरही नाही. डोळ्याच्या आतला पडदा भाजतो आणि भाजताना दुखत नाही, म्हणून कळतही नाही. गॉगल, एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, परातीतलं पाण्यातलं प्रतिबिंब, सगळं बाद. ग्रहणाचा खास चष्मा मिळतो, तो चालेल, पण चरा पडलेला किंवा चुरगळलेला असेल तर फेकून द्या. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पुठ्ठ्याला सुईने एक भोक पाडा. सूर्याकडे पाठ करा, ऊन पुठ्ठ्यावर घ्या आणि त्याची सावली कमरेइतक्या अंतरावरून कोऱ्या कागदावर पाडा. मधल्या ठिपक्यात छोटा कुरतडलेला सूर्य दिसेल. झाडाखाली पानांमधून पडणारे कवडसेही त्या वेळी चंद्रकोरीसारखे होतात. शेळ्या घेऊन बाहेर असाल तर जमिनीकडे बघा. अर्थात ऑगस्टचं आभाळ आहे, ढगांनी घात केला तर माझ्या नावाने बोटं मोडू नका.

आपण घरात लपतो आणि शास्त्रज्ञ मात्र ग्रहण मुद्दाम घडवतात. सूर्याभोवतीचं प्रभामंडळ एरवी त्याच्या झगमगाटात दिसत नाही. म्हणून ५ डिसेंबर २०२४ ला श्रीहरिकोटाहून आपल्याच रॉकेटने युरोपची 'प्रोबा-३' ही जोडयानं वर नेली. एक यान दीडशे मीटर पुढे राहून सूर्य झाकतं, दुसरं त्याच्या सावलीतून बघतं. आपलं 'आदित्य-एल१' तर पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर बसून, दुर्बिणीतच सूर्याची तबकडी झाकून हेच काम करतंय. त्या मोहिमेच्या प्रमुख होत्या निगार शाजी, तमिळनाडूतल्या सेंगोट्टै गावच्या, शेतकऱ्याची मुलगी. पुढे आपलं यान शुक्राकडे जायचं आहे. २०२८ मध्ये पाठवायचं ठरलंय. तो शुक्र सध्या पहाटे पूर्वेला ठळक दिसतोय. धारेला उठाल तेव्हा बघा, ओळखायला लागत नाही.

त्याआधी डिसेंबर आहे. १३ तारखेची रात्र, १४ ची पहाट. मिथुन राशीतून उल्का पडतात, आपण तारे तुटणं म्हणतो ते. यंदा चंद्र लवकर मावळणार, थंडीचं स्वच्छ आभाळ. मध्यरात्रीनंतर अर्धा तास पडून राहिलात तर डझनभर तरी दिसाव्यात. याला चष्मा नको, काही नको. फक्त शेतात किंवा बांधावर झोपू नका, बिबट्या आपलं वेळापत्रक बघून येत नाही. गच्चीवर, चौघीजणी मिळून, घोंगडी घेऊन. आणि २०२८ ची शेवटची रात्र, ३१ डिसेंबर, तीही लक्षात ठेवा. साधारण पावणेदहा ते अकरा चंद्र पूर्ण तांब्याच्या रंगाचा होईल. चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी खुशाल बघावं.

ग्रहणाचे चष्मे ग्रामसंघामार्फत एकदम मागवले तर स्वस्त पडतील. जूनच्या बैठकीत हा विषय घ्या, किती हवेत ते सीआरपी ताईंकडे लिहून द्या. माझ्या घरचे पाच धरा. वहिनीची मुलगी आता चौथ्या वर्षात आहे. तिच्या मापाचा चष्मा मिळत नाही म्हणतात, तर तिच्यासाठी पुठ्ठा आणि सुई.