मॅरेथॉनला किती वेळ लागेल?

पहाटे रस्त्यावर धावणारी मंडळी आता लहान गावांतही दिसू लागली आहेत. दहा किलोमीटरची शर्यत जमली, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : 'डॉक्टर, पूर्ण मॅरेथॉनला मला किती वेळ लागेल?' हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही. अंदाज चुकला, तर शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये शरीर त्याची वसुली करते.

येथे साधे त्रैराशिक चालत नाही. १० किलोमीटर ६० मिनिटांत धावणाऱ्याला त्या हिशेबाने ४२.१९५ किलोमीटरला ४ तास १३ मिनिटे लागायला हवीत. पण अंतर वाढले, की वेग टिकत नाही. पीट रीगेल या अमेरिकन अभियंत्याने १९७७ मध्ये यासाठी एक सूत्र मांडले. त्याचे सार असे : अंतर दुप्पट झाले, की वेळ दुपटीहून सुमारे ४ टक्के जास्त लागतो. म्हणजे वरील धावपटूला अर्ध्या मॅरेथॉनला सुमारे २ तास १२ मिनिटे आणि पूर्ण मॅरेथॉनला सुमारे ४ तास ३६ मिनिटे लागतील.

मात्र हा आकडा पुरेसा सराव केलेल्यांसाठी आहे. हौशी धावपटूंना पूर्ण मॅरेथॉनमध्ये बहुधा याहून जास्त वेळ लागतो. याचे एक मोठे कारण म्हणजे ग्लायकोजेन, अर्थात स्नायूंत व यकृतात साठलेली साखर. हा साठा मर्यादित असतो. सुरुवातीला जोरात धावल्यास तो लवकर संपतो आणि तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पाय एकाएकी जड होतात. उन्हाचा आणि दमट हवेचा त्रास वेगळाच.

अंदाज काढताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) आधाराला अलीकडची, सपाट रस्त्यावरची व पूर्ण जोर लावून धावलेली शर्यत घ्यावी. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनसारख्या चढाच्या शर्यतीतील वेळ या हिशेबात धरू नये.

२) अर्ध्या मॅरेथॉनवरून काढलेला अंदाज दहा किलोमीटरवरून काढलेल्या अंदाजापेक्षा अधिक भरवशाचा.

३) पहिलीच मॅरेथॉन असेल, तर आलेल्या उत्तरात वीस-पंचवीस मिनिटे मिळवावीत आणि त्याच संथ वेगाने सुरुवात करावी.

४) पाणी तहानेप्रमाणे प्यावे. भीतीपोटी अतोनात पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम घटून जिवाला धोका होऊ शकतो.

५) मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी, तसेच चाळिशीनंतर नव्याने धावू लागलेल्यांनी आधी तपासणी करून घ्यावी.

धावताना छातीत दुखले, भोवळ आली किंवा भान हरपल्यासारखे वाटले, तर घड्याळाकडे न पाहता तत्काळ थांबावे व मदत मागावी. सूत्र आपला सराव पाहत नाही, की त्या दिवशीचे ऊनही. कागदावरचा आकडा गाठण्यासाठी शरीराची सूचना डावलू नये. शर्यत पुढच्या वर्षीही असते.