न फोडलेलं पाकीट

नोव्हेंबर 2022. स्लाऊची थंडी, आणि हीटर लावावा की अंगावर दुसरी शाल घ्यावी, हा रोजचा हिशेब. त्या हिवाळ्यात ब्रिटिश सरकारने वीज-गॅसच्या बिलासाठी घरटी 400 पौंडांची मदत जाहीर केली होती. कुकरची दुसरी शिट्टी होत होती, तेवढ्यात मेसेज आला : तुम्ही मदतीला पात्र आहात, अर्जाची मुदत आज संपते. खाली लिंक.

पान हुबेहूब सरकारी. वर काळी पट्टी, त्यावर मुकुट. नाव, जन्मतारीख, पत्ता भरला. मग कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे. पैसे देणाऱ्याला ते कशाला हवेत, हे तेव्हाच मनात यायला हवं होतं. गॅस बंद करून आले आणि ‘सबमिट’ दाबलं.

दुसऱ्या दिवशी शंका आली, पण मुलगा रागावेल म्हणून गप्प बसले. तिसऱ्या दिवशी फोन. “बँकेतून बोलतोय.” माझी जन्मतारीख, पत्ता, सगळं त्याला पाठ. मीच तर भरून दिलं होतं! “तुमच्या खात्यातून कुणीतरी पैसे काढतंय, ते लगेच सुरक्षित खात्यात टाका.” मी 1,900 पौंड टाकले. खरी बँक असं कधीच सांगत नाही.

रात्री मुलाने विचारलं, “आई, गेल्या महिन्याचं बिल कुठंय?” ड्रॉवरमधलं पाकीट मी फोडलंही नव्हतं. आत मदतीचा पहिला हप्ता, 66 पौंड, जमा दाखवलेला. ऑक्टोबर ते मार्च, सहा हप्ते, आपोआप. अर्ज करायचाच नव्हता. जुन्या प्रीपेमेंट मीटरवाल्यांना व्हाउचर येत, पण त्यासाठीही कुणी कार्डाचा नंबर मागत नव्हतं.

ती योजना संपली, मेसेज थांबले नाहीत. आता ते पेन्शनरांच्या विंटर फ्युएल पेमेंटच्या नावाने येतात. तेही बहुतेकांना आपोआपच मिळतं. असा मेसेज आला तर लिंक उघडू नका, 7726 वर फॉरवर्ड करा; फुकट आहे. बँकेचा म्हणून फोन आला तर ठेवून द्या आणि स्वतः 159 लावा. कार्डाचा नंबर देऊन बसला असाल तर त्याच तासाला बँकेला आणि घरच्यांना सांगा. मी एक दिवस आधी तोंड उघडलं असतं तर ते 1,900 पौंड वाचले असते.

इथे एकटे राहणारे तुमचे आई-बाबा, मावशी, काका असतील, तर या रविवारी त्यांना फोन करा. जेवलात का विचाराल, तेव्हा गेल्या बिलाचं पाकीट फोडलं का, तेही विचारा.